धडा

रविवारी सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे नसतात.
अडतींची शटरं खाली, हमाल गावाकडं,
सिमेंटच्या रस्त्यावर हळदीचा धुरळा
कुणी न झाडलेला.
तिथं मी, वय त्रेपन्न, तोलार, परवाना खिशात,
भाच्यानं बेंगळुरूला जाताना मागं ठेवलेल्या
एकवीस गिअरच्या सायकलवर बसून
पुढचं चाक उचलायला बघतोय.

उचलत नाही.
हात ओढतात, खांदे ओढतात, दातसुद्धा,
चाक वीतभर वर येतं आणि धप्.
पोतं टाकल्यासारखं.

“हातानं नाही वो काका,” सन्मती म्हणते.
मगदूम अडतवाल्यांची नात, नववीत,
गुडघ्याला खपल्या, दातांना तार.
“ओढू नका. मागं बसा.
मागं खुर्ची नाही हे माहीत असून
खुर्चीत बसल्यागत.”

पहिले दोन रविवार तिनं नुसतं पडायला शिकवलं.
सायकल पुढं सोडून द्यायची,
आपण मागं दोन पायांवर उभं राहायचं,
काही घडलंच नाही अशा तोंडानं.
वीस वेळा. चाळीस वेळा.
सायकल एकटीच जाऊन
सत्तर नंबरच्या गाळ्याच्या पायरीला धडकायची.
“भ्या गेलं का?”
थोडं शिल्लक आहे, मी म्हणायचो.
“मग अजून पाच.”

तीस वर्षं मी दुसऱ्यांचं तोललं.
तराजू होता तेव्हा सकाळी आधी धडा करायचा:
हलक्या पारड्यात खडा, खिळा, एखादा चिंचोका,
काटा मधोमध थांबेपर्यंत.
थांबायच्या आधी तो जरासा थरथरतो,
ते बघायला मी श्वास धरायचो.
मग लाल आकड्यांचे काटे आले.
धडा करायचं काम गेलं,
चिमटीला सवय तेवढी राहिली.
झुकतं माप कुणाला दिलं नाही, काटा कधी मारला नाही.
(एकदा मारला. ते जाऊ दे.)

“हलका गिअर. उजवं पायडल वर.
एकच दणका, आणि त्याच टायमाला मागं.
मागच्या ब्रेकवर एक बोट,
दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं.
लई मागं गेला तर तेच बोट खाली आणतंय.”
आणि या पोटाचं काय करू?
“असू दे की. पासंगाला होतंय.”

चौथ्या रविवारी लईच मागं गेलो.
बोट विसरलो. पाय मात्र विसरले नाहीत,
उभा राहिलो, सायकल गेली पायरीकडं.
ती टाळ्या वाजवत होती, चाक उचलल्यासाठी नाही,
पडल्यासाठी.

सहाव्या रविवारी
चाक वर आलं
आणि खाली यायचं विसरलं.
हँडलला वजन नव्हतं. मला वजन नव्हतं.
पुढचं चाक डोळ्यांसमोर आपलं आपलं फिरत होतं,
टायरच्या खाचांतून पिवळी पूड
माझ्या तोंडावर पडत होती,
लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी हळद लावत होतं.
बोट ब्रेकवर. जरासं दाबलं, जरासं सोडलं.
तीच थरथर.
खडा टाकू? काढू? टाकू?
धप्.

“अडीच!” सन्मती ओरडली.
तीन सेकंद भरले, मी म्हणालो,
तोलार मी आहे.
“अडीचच. कडता कापला.”
अडतवाल्याची नात.

सोमवारी सौद्याला गर्दी,
सत्तर नंबरच्या पायरीवर टायरचे पिवळे ठसे,
एकावर एक, पंधरावीस.
कुणाची पोरं हुंदडतात वो इथं, गाळेवाल्यानं विचारलं.
मी पावतीवर आकडा टाकला,
पुढचं पोतं घ्या म्हणालो,
आणि उभ्या उभ्या
किंचित मागं बसलो.